पिवळ्या मिठाचं वर्ष

मार्गशीर्षातल्या बुधवारी संध्याकाळी केबिन रोडला जायचं नाही, असं मी दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी जाते. दुसऱ्या दिवशीच्या गुरुवारची पूजा घराघरांत असते, त्यामुळे सगळं भाईंदर पूर्व तिथं उतरलेलं असतं. आंब्याचे डहाळे, केळीची पानं, वेण्या, लक्ष्मीचे मुखवटे, पाच फळांच्या पिशव्या. पाय ठेवायला जागा नाही. मी स्वतः पूजा करत नाही. माझी देवाशी ओळख आहे, घसट नाही. पण शेवटच्या गुरुवारी पेणकरपाड्याला सुलभावहिनींकडे हळदीकुंकवाला जायचं असतं, आणि रिकाम्या हातानं गेलेलं त्यांना चालत नाही.

तर परवा त्या गर्दीत बरण्यांची एक हातगाडी दिसली. चिनीमातीच्या बरण्या पेंढ्यात रोवून ठेवल्या होत्या. गाडीवाल्यानं एक बरणी उपसली आणि त्या पेंढ्याचा वास आला. मी बरणी बघायची सोडून त्याला विचारलं, "भैया, थोडा पेंढा मिलेगा क्या?"

"क्या, आंटी?"

"वो घास. नीचेवाली."

"घास का क्या करोगे आंटी, घर में गाय रखी है?"

शेजारच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं. सातव्या मजल्यावर गाय. पण मूठभर पेंढा मी पिशवीत घातलाच, आणि मग त्याची भीड पडली म्हणून एक बरणीही घेतली.

पेंढ्याचा वास आला की मला एकच मोसम आठवतो. मार्गशीर्षच होता, साल एकाहत्तर. मी आठ वर्षांची होते, तिसरीत.

आमचा पाडा नवघरच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. बावीस घरं, एक विहीर, एक गावदेवीचं देऊळ. एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला मिठागर. आम्ही आगरी माणसं, पावसात भात पिकवायचो आणि उन्हात मीठ. दिवाळी झाली की भात झोडायचं, त्याचा पेंढा बांधायचा. तो पेंढा म्हणजे बैलाची वैरण आणि वैशाखात घर शाकारायचं सामान, दोन्ही. पेंढा बांधायची प्रत्येक घराची गाठ वेगळी असे. एका घराची पेंडी दुसऱ्याच्या अंगणात सापडली तर गाठ बघून परत यायची, भांडण न होता. माझे बाबा डावखुरे, त्यामुळे आमची गाठ उलटी, डावीकडे पिळलेली. बावीस घरांत तशी दुसरी नव्हती.

आता पाड्यावर टॉवर आहेत आणि मिठागरावर काय आहे ते मी बघायला जात नाही. देऊळ मात्र आहे. त्याचा जीर्णोद्धार होतोय, त्याची स्मरणिका निघतेय, आणि माझा भाचा नितीन त्या मंडळात आहे. मी शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, हा माझा गुन्हा. तो म्हणाला, "मावशी, पाड्याचा इतिहास लिहून दे ना, दोनच पानं. लढाईबिढाई काही असेल तर जरा जोरात लिही. तोफा वगैरे."

मी म्हटलं, "आपल्या पाड्यावर एकच लढाई आली. त्यात आपण मीठ झाकलं."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

चेष्टा नाही. बांगलादेशची लढाई सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी एक सरकारी माणूस सायकलवरून पाड्यात आला. संध्याकाळनंतर उजेड दिसता कामा नये, शत्रूचं विमान येईल, असं सांगून गेला. पाड्यात वीज आलेलीच नव्हती. आमच्याकडे बावीस घरांच्या बावीस चिमण्या आणि तीन-चार कंदील होते. तरी हुकूम तो हुकूम. जाताना त्यानं माझ्या बाबांच्या हातात एक शिट्टी दिली आणि त्यांना अंधाराचं मुख्य केलं. बाबा आयुष्यात कधी कशाचे मुख्य झाले नव्हते. त्यांनी ती शिट्टी इतकी मनावर घेतली की कुणाच्या चुलीतला निखारा फुलला तरी वाजवायचे. आई म्हणायची, इमान नुसतं वरून जात असंल तर या शिट्टीनं खाली उतरंल.

सुलभावहिनी तेव्हा आमच्या पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहायच्या. एकवीस-बावीस वर्षांच्या असतील. रत्नागिरीकडच्या. यजमान फौजेत. सासूचं आणि त्यांचं पटत नव्हतं, म्हणून यजमानांनी ओळखीतून ही खोली बघून त्यांना इथं ठेवलं होतं आणि ते पूर्वेकडे कुठंतरी निघून गेले होते. पाड्यातल्या बायकांना वहिनींचं बोलणं नाजूक वाटायचं आणि वहिनींना आमचं बोलणं भांडण वाटायचं. पण माझं त्यांच्याशी जमलं. दुसरी पास होऊनसुद्धा मला धड वाचता येत नव्हतं. वहिनींनी पावसाळाभर मला पाटी घेऊन समोर बसवलं आणि जोडाक्षरांपर्यंत आणलं. यजमानांच्या जुन्या सदऱ्याच्या बाहीची बाहुली करून दिली. माझे केस विंचरताना त्या ओढायच्या नाहीत, आई ओढायची. आठ वर्षांच्या मुलीला माणूस आपलं वाटायला एवढं पुष्कळ होतं.

अंधाराच्या पहिल्याच संध्याकाळी वहिनी वाटी घेऊन मधल्या दारात उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्याकडचं मीठ संपलं होतं. पण दिवेलागणीनंतर मीठ घराबाहेर द्यायचं नाही, ही चाल त्यांच्या गावीही होती आणि आमच्याकडे तर मीठच पिकतं, त्यामुळे दुप्पट कडक. त्यांना मागवेना. आईनं वाटी बघितली, अंगणाकडे बघितलं आणि म्हणाली, "आज दिवा लावलाय कुनी? न्हाय ना? मंग दिवेलागन झालीच न्हाय. आन वाटी."

लढाई होती तेवढे दिवस पाड्यात दिवेलागण झाली नाही, आणि तेवढे दिवस या घरातून त्या घरात कुठल्याही वेळेला मीठ गेलं. मला त्या लढाईतलं हे सगळ्यात आवडतं.

नुकतीच पौर्णिमा होऊन गेली होती. जेवायच्या वेळेला खाडीवरून चंद्र वर आला आणि बाबा शिट्टी तोंडात धरून तसेच थांबले. मिठागराच्या बांधावर मागच्या हंगामाच्या मिठाच्या राशी होत्या. दिवाळीनंतर खाडीतून न्यायला मचव्यात, म्हणजे मोठ्या होडीत, भरायच्या म्हणून वरचं छप्पर काढून उघड्या केलेल्या. घरापेक्षा उंच, आणि चांदण्यात पांढऱ्याशुभ्र.

"आपून चिमण्या इजवल्या," बाबा म्हणाले, "आनि ह्या बघा. पार समुद्रावरून दिसत असतील."

देवळापुढे सगळे जमले. शत्रूचं विमान मुंबईला जाताना वाट चुकलं तर मीठ बघून खाली येईल, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. आज हसू येतं. पण जगात आपल्याकडे बघण्यासारखं दुसरं काही नाही आणि मीठ आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसरा काय विचार करावा? ठरलं, की मीठ झाकायचं. छपराच्या जुन्या झावळ्या कधीच चुलीत गेल्या होत्या. झाकायला एकच गोष्ट होती, नुकता झोडलेला नवा पेंढा.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून अख्खा पाडा पेंढा वाहत होता. बाबा मुख्य, म्हणून आमच्या पेंड्या आधी. शाकारणीसाठी बाजूला ठेवलेल्यासुद्धा. आई एकदाच म्हणाली, "आपल्या छपराला?" बाबा म्हणाले, "वैशाखाचं वैशाखात." वहिनी साडी खोचून राशीवर उभ्या होत्या. मिठावर अनवाणी उभं राहायची सवय नाही, तळपाय चिरले होते, तरी खालून आलेली प्रत्येक पेंडी झेलून लावत होत्या.

मी डोक्यावर पेंडी घेऊन बांधावरून येत होते. पोस्टमन तिथंच भेटला. त्याला राशीपर्यंत चिखलात उतरायचं नव्हतं. "तुमच्या भाडेकरू बाईंचं आहे," म्हणून त्यानं एक पोस्टकार्ड माझ्या हातात दिलं आणि तो वळला.

कार्ड उघडंच असतं. आणि मला वाचता येत होतं, वहिनींनीच शिकवलं होतं. राशीच्या मागच्या बाजूला बसून मी ते बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. चार ओळी होत्या. मग पेंडीची गाठ जरा सैल केली, कार्ड पार आत खुपसलं, गाठ परत आवळली आणि पुढे जाऊन पेंडी वर फेकली. वहिनींनीच ती झेलली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या राशी झाकल्या गेल्या. चंद्र आला तेव्हा बांधावर काही दिसलं नाही. बाबांनी समाधानाची एक छोटी शिट्टी वाजवली.

मग सुरू झालं वाट बघणं. सकाळी अकराच्या सुमाराला वहिनी ओट्यावर येऊन बसायच्या. हातात माझी पाटी असायची, ती त्या ओल्या फडक्यानं पुसत राहायच्या. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. "येईल गो शेवू," त्या मलाच सांगायच्या, "तिकडनं यायला वेळ लागतो." पाड्यात एकच रेडिओ होता. बातम्यांच्या वेळेला बायका काहीतरी निमित्त काढून वहिनींना विहिरीवर न्यायच्या. कुणाकडून कालवण यायचं, कुणाकडून भाकरी. त्यांना एकटीनं जेवू द्यायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं झालं. भांडणासारख्या बोलण्यातून या बायका आपली समजूत घालतात, हे वहिनींना तेव्हा कळलं असावं.

मला सगळं कळत होतं. दोन शब्द बोलले असते तर त्यांना कळलं असतं की माणूस लिहिण्याइतका तरी धडधाकट होता. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. मी तीनदा राशीवर गेले, कार्ड काढून ओट्यावर टाकून द्यावं म्हणून. शेकडो पेंड्या, दोन-दोन थर, आमची कुठली ते दिसेना. तिसऱ्यांदा बाबांनी धरलं. "मीठ उघडं पाडतंस? इमान बघंल ना." आणि एक लगावली. अख्ख्या लढाईत आमच्या पाड्यात तेवढाच एक मार बसला, आणि तो योग्य माणसाला बसला.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी वहिनी पूजेला बसल्या होत्या आणि रेडिओवाल्या घरातून ओरडा आला. लढाई संपली. बाबांनी सगळ्यांना कंदील लावायला सांगितलं आणि शिट्टी खिशात ठेवली. जरा उदास वाटले मला.

दुसऱ्या दिवशी पेंढा काढला. दोन आठवडे रोज दव पडत होतं, पेंढा पुरता वाळलेला नव्हता. त्याचा रंग मिठात उतरला होता. वरचं मीठ हातभर खोल पिवळं, गाईच्या दातांसारखं. विमानाला मीठ दिसू नये म्हणून बावीस घरांनी आपल्या हातानं हंगामाचं मीठ नासवलं होतं. व्यापारी मचवा घेऊन आला, त्यानं चिमूट उचलली, नाकाशी नेली आणि मचवा परत घेऊन गेला. बाबा बराच वेळ बांधावर बसून राहिले. मग उठले आणि म्हणाले, "असू दे. आपून खाऊ."

वर्षभर आम्ही पिवळं मीठ खाल्लं. डाळीत, लोणच्यात, सुकवायच्या मासळीत. सगळ्याला पेंढ्याचा वास. पाहुणे तोंड वाकडं करायचे. आम्हाला नंतर पांढरं मीठ अळणी वाटायला लागलं.

लढाई संपल्यावर लगेच वहिनींच्या यजमानांची खुशाली कळली, आणि वैशाखात ते आले. खंगलेले, पण सगळे अवयव जागेवर. त्यांना आम्ही भावोजी म्हणायचो. पहिल्याच जेवणात पानातलं मीठ बघून त्यांनी विचारलं, हे काय? वहिनींनी सगळं सांगितलं. शिट्टी, चांदणं, पेंढा, कालवणं, सगळं. मी दाराआड उभी होते, आता पत्राचं निघणार म्हणून. भावोजी पानात मान घालून जेवले. न शाकारलेल्या छपरातून ऊन खाली येत होतं, त्याच्याकडे एकदा बघितलं. सकाळी बाबांना घेऊन काशीमिऱ्याच्या डोंगरावर गवत कापायला गेले आणि दोन दिवस आमच्या छपरावर बसून होते.

फौजेतून सुटल्यावर त्यांनी पेणकरपाड्याला घर केलं. गावी परत गेले नाहीत. गेल्या श्रावणात भावोजी गेले.

ते होते तोवर मी भीत होते. मी कबूल केलं असतं तर ते म्हणाले असते, हो, असं लिहिलं होतं. ते गेले आणि भीती गेली, पण तिच्या जागी वाईट काहीतरी आलं. त्या चार ओळी आता जगात माझ्या एकटीकडे होत्या. नितीनची दोन पानं मी लिहून दिली. त्यात मीठ आहे, शिट्टी आहे. पत्र नाही. ती पानं वाचून तो म्हणाला, "भारी आहे, मावशी." मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

तर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, शेवटच्या गुरुवारी, मी बरणी आणि पेंढा घेऊन वहिनींकडे गेले. बाकीच्या बायका येऊन गेल्या होत्या. सून मुलाला क्लासहून आणायला खाली उतरली होती. वहिनींनी कुंकू लावलं, हातात केळं ठेवलं, आणि लाईट गेली. सगळ्या बिल्डिंगचीच.

"बस तशीच," वहिनी म्हणाल्या. "येईल."

मी पिशवीतून पेंढा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ओंजळीत घेऊन हुंगला. अंधारात मला सोपं गेलं.

"वहिनी, लढाईच्या वेळी तुमचं एक कार्ड आलं होतं."

"माहित्ये," त्या म्हणाल्या. "पेंढा काढताना मलाच सापडलं. मिठाला चिकटलेलं, सगळी शाई उतरलेली. पेंडीची गाठ डावी होती गो. डाव्या गाठी पाड्यात किती होत्या?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? लहान पोर, पेंडी नेताना हातातलं पडलं असेल. बापानं आधीच एकदा मारलं होतं."

"पडलं नव्हतं. मी वाचलं आणि आत खुपसलं."

खाली कुणाची तरी गाडी मागे येत होती, तिचं टुंटुं वाजून थांबलं. वहिनींनी विचारलं, "काय होतं त्यात?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द पाठ होता. "मी खुशाल आहे, इकडे थंडी फार. पुढे पत्र पाठवायला जमेल न जमेल. तू तिथं परक्या लोकांत एकटी राहू नकोस, घरमालकांना सांगून गाडीत बस आणि गावी आईजवळ जा. आता तिथंच राहा." आणि म्हटलं, "तुम्ही गेला असतात, वहिनी. म्हणून. आणि त्या परक्या शब्दाचा मला राग आला होता."

मला वाटलं, आता हे घर मला बंद झालं.

"गेलेच असते," त्या म्हणाल्या. "तेव्हा त्यांचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती. जन्म सासूच्या परसात गेला असता." मग जरा थांबून, "पंधरा दिवस फार वाईट गेले गो शेवू. त्याचं मी तुला बरं केलंस म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"पण हे बघ. ते कार्ड मी जपून ठेवलंय, डब्यात आहे. मी यांना विचारायचे, काय लिहिलं होतंत? तर हे ते कोरं कार्ड हातात धरून वाचून दाखवायचे. एकदा वाचलं, तुझ्या हातची कुळथाची पिठी आठवते. एकदा वाचलं, मोजे विणून पाठव. एकदा म्हणाले, मुलगी झाली तर शेवंता नाव ठेवू. दर वेळी वेगळं. मी समजत होते, माणूस विसरलाय आणि थापा मारतोय." त्यांच्या ओंजळीत पेंढा सळसळला. "विसरले नव्हते. तुमच्या त्या छपरावर चढले तेव्हापासून त्यांना ते परकं लिहिलेलं तोंडातून काढायचं नव्हतं. लबाड माणूस."

त्या हसत होत्या की रडत होत्या, अंधारात कळलं नाही. मी तर रडतच होते.

मग पेंढा बाजूच्या पाटावर ठेवून त्या उठल्या. भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेल्या आणि मिठाचा डबा घेऊन आल्या. "ती बरणी धर. मला आणलीस ना, माझ्याकडे दोन आहेत, तूच ने. पण नवी बरणी रिकामी नेऊ नये. आटप, दिवे लागायच्या आत."

मी बरणी धरली आणि त्यांनी मीठ ओतलं. अर्धं बरणीत, अर्धं माझ्या मांडीवर. तेवढ्यात लाईट आली. आम्ही दोघींनी एकदमच बरणीत बघितलं.

"पांढरंच आहे गो," वहिनी म्हणाल्या, जरा हिरमुसून.

मी पाटावरचा पेंढा घेतला, मिठावर अंथरला आणि झाकण लावलं.